खंडेनवमीचं करांबिट

सोमवार उजाडला की सकाळी नऊच्या ठोक्याला सुधीरदादांचा मेसेज येणारच. ड्रेस्डेनमधल्या आम्हा मराठी लोकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, दादा त्याचे ॲडमिन. वयानं मोठे, बावीस वर्षं जर्मनीत काढलेले. मेसेज ठरलेला: 'आज सोमवार. सर्वांनी पाचच्या आत घरी. शहरात जाणे टाळावे.' पुढे जोडलेले हात, आणि खाली चाळीस लोकांचे अंगठे. दोन वर्षं मी ते अंगठे बघत होते आणि दर सोमवारी माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. आठवड्याचे दिवस सात, त्यातला एक आम्ही कुणी न मागता देऊन टाकला होता.

दोन हजार चौदाच्या हिवाळ्यापासून दर सोमवारी संध्याकाळी जुन्या शहरात मोर्चा निघायचा. झेंडे, फलक आणि घोषणा, की बाहेरून आलेल्यांनी आता चालतं व्हावं. आमच्यापैकी कुणाला मारहाण झालेली नव्हती, उगाच खोटं कशाला सांगू? पण चार वाजले की ऑफिसातले आमचे लोक जॅकेटं चढवायला लागायचे. मीही चढवायचे. तेच तर जास्त झोंबायचं.

मी ऊर्मिला, कोल्हापूरची, मंगळवार पेठेतली. इथल्या चिपच्या फॅक्टरीत प्रोसेस इंजिनिअर आहे. नवरा श्रीरंग पुण्याचा, त्याच फॅक्टरीत मोजमापाच्या विभागात, आणि स्वभावानंही मोजमापाचाच. मुलगी ईप्सिता, तेव्हा साडेसहा वर्षांची. मराठी सगळं कळतं तिला, पण उत्तर जर्मनमध्ये.

हे सगळं झालं ते ईप्सिताच्या पोहण्यावरून. इथं पोहण्याच्या कोर्सला नंबर लागणं म्हणजे काय दिव्य असतं ते ज्यांना मुलं आहेत त्यांनाच विचारा. चौदा महिने यादीत नाव होतं. शेवटी दोन हजार सोळाच्या ऑगस्टमध्ये जागा मिळाली, सोमवारी सव्वापाचची. म्हणजे मोर्चाची वेळ आणि पोरीची वेळ एकच. श्रीरंगचं तोंड उतरलं. मी म्हटलं, घेतली. ऑक्टोबरात 'झेपफेर्डशेन'ची, म्हणजे समुद्रघोड्याच्या बिल्ल्याची परीक्षा होती. काठावरून उडी, पंचवीस मीटर पोहणं आणि खांद्याइतक्या पाण्यात तळाची रिंग हातानं काढून आणणं. पोरगी रात्रंदिवस तेच बोलायची.

आणि सप्टेंबरातल्या एका सोमवारी, पोहून परत येताना, आमची ट्राम जुन्या शहरातल्या पोस्टप्लात्झ चौकाच्या अलीकडे अडकली. मोर्चाला निघालेली माणसं चढली. ईप्सिताची ओली पिशवी शेजारच्या सीटवर होती. पन्नाशीच्या एका माणसानं ती पायानं ढकलून खाली पाडली आणि तिथं बसला. ईप्सिता उचलायला वाकली तर त्यानं पिशवीच्या पट्ट्यावर बूट ठेवला आणि माझ्याकडं बघून हसला. डबा गच्च भरलेला, सगळे आपापल्या फोनात. मी काय केलं? मूग गिळून बसले. पुढचा स्टॉप आला तेव्हा पट्टा ओढून घेतला आणि पोरीला घेऊन उतरले, आणि राहिलेलं सगळं चालत गेलो.

त्या चालण्यात माझं डोकं नुसतं फुटत होतं. अहो, मी बारा वर्षांची असल्यापासून भास्कर वस्तादांच्या तालमीत मर्दानी खेळ शिकलेली बाई. लाठी, फरी-गदगा, दांडपट्टा. पेठेत आमच्या वाटेला जायची कुणाची टाप नव्हती. आणि इथं एका बुटाखालचा पट्टा मला सोडवता येऊ नये? सारखं एकच मनात येत होतं, की माझा हात रिकामा होता.

घरी आल्यावर श्रीरंगला सांगितलं. तो पांढराफटक पडला, मग म्हणाला, उद्याच पोहण्याच्या तलावावर फोन करून नाव काढू. मी म्हटलं, हात लावून दाखव फोनला. तासभर वाद झाला. शेवटी त्याचं म्हणणं एवढ्यावर आलं की परीक्षेपर्यंत जाऊ दे, पण त्यानंतर पुढचा कोर्स सोमवारी नाही. सोमवार बंद म्हणजे बंद. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. शनिवारी उठून नॉयश्टाट भागात गेले आणि चाकूच्या दुकानात शिरले.

दुकान छोटंसं, लिंडनर नावाच्या म्हाताऱ्याचं. कात्र्यांना धार लावून मिळते अशी पाटी, आत काचेच्या कपाटात दोनेकशे चाकू. मी सरळ सांगितलं, रोज खिशात ठेवायला काहीतरी पाहिजे, मुठीतून सुटणार नाही असं. म्हाताऱ्यानं माझ्याकडं नीट बघितलं. 'नू,' म्हणाला. इकडं सॅक्सनीत हो म्हणायचं असलं की लोक नू म्हणतात. मग त्यानं हिरव्या कापडावर एकेक मांडायला सुरुवात केली.

साधे सरळ पात्याचे मी बाजूला सारले. मग त्यानं वाकड्या पात्याचं काढलं, नखासारखं, मुठीच्या टोकाला बोट घालायची कडी. करांबिट, म्हणाला, मूळचं इंडोनेशियातलं, शेतातल्या विळ्यापासून आलेलं, आणि तिकडं त्याला वाघाचं नख म्हणतात. मला हसूच फुटलं. कोल्हापूरच्या बाईला वाघनख काय ते सांगतोय! पण हातात घेतलं मात्र, आणि हसू थांबलं. कडीत तर्जनी गेली, मूठ आपोआप वळली आणि हत्यार हाताला चिकटून बसलं. वस्ताद म्हणायचे, हत्यार कसं आहे ते दुकानदाराला नाही विचारायचं, मनगटाला विचारायचं. मनगट म्हणालं, हेच.

पण असली त्याच्याकडं पाच होती, सगळी घडीची. पहिल्याचं पातं उघडल्यावर खुळखुळत होतं, ते लगेच परत केलं. दुसऱ्याची मूठ माझ्या पंज्याला मोठी. तिसऱ्याला पात्याच्या पाठीवर एक आकडा होता. खिशातून ओढताना तो शिवणीत अडकतो आणि पातं आपोआप उघडूनच बाहेर येतं. म्हाताऱ्यानं करून दाखवलं, खाट्कन. एक क्षण मोह झाला. पण ईप्सिता माझ्या खिशात सारखी च्युइंगम शोधते, तेव्हा ते नको. चौथ्याची कडी सैल, बोट गोल फिरत होतं. पाचव्याची कडी माझ्या तर्जनीला अंगठीसारखी बसली, काळी खरखरीत मूठ, पातं जेमतेम सहा सेंटीमीटर, उघडलेलं पातं जागेवर धरणारं कुलूप पक्कं. पंचवीसेक वेळा उघडलं आणि मिटलं. मिटताना टोक बोटाच्या वाटेत येतं, तेवढं सांभाळायचं.

मग म्हाताऱ्यानं चष्मा काढला आणि कायदा सांगितला. विकत घ्या, घरी ठेवा, काही हरकत नाही. पण एका हातानं उघडणारा आणि कुलूप बसणारा चाकू घेऊन रस्त्यावर फिरता येत नाही, बेचाळीस-अ कलम. दंड होतो. कामासाठी लागत असेल, खेळासाठी, किंवा 'ब्राउखटुम्सफ्लेगे'साठी, म्हणजे रूढी-परंपरा जपायला, तरच चालतं. तुमच्याकडं असं काही आहे का? मी म्हटलं, नाही. मग त्यानं दोन हातांनी उघडायचा एक सज्जन चाकू पुढं केला, सफरचंद कापायला बरा. मी पाचवंच घेतलं. त्यानं ते छोट्या पेटीत घालून कुलूप लावलं आणि किल्ली वेगळी दिली. घरापर्यंत पेटी उघडू नका म्हणाला. दारापर्यंत सोडायला आला.

श्रीरंगनं पेटी बघितली आणि आधी पुणेरी खवचटपणा केला, ट्राममध्ये अफझलखान येणार आहे का म्हणून. मग कायद्याचं कळल्यावर खवचटपणा गेला आणि खरी भीती बाहेर आली. नोव्हेंबरात आमच्या कायमच्या परवान्याची अपॉइंटमेंट होती. आठ वर्षं ज्याची वाट बघितली ते एका चाकूपायी घालवणार का, असं त्यानं विचारलं. रागावून नाही, अगदी काकुळतीला येऊन. खरं सांगते, मला त्याची दया आली. पण मी म्हटलं, घाबरून मिळालेल्या परवान्यावर मी सही करणार नाही. फार ताठ्यात म्हटलं. आता आठवलं की वाटतं, केवढा तो आव.

दोन सोमवार मी करांबिट जॅकेटच्या उजव्या खिशात घालून फिरले. एक गोष्ट मी श्रीरंगला तेव्हा मुळीच सांगितली नाही, ती आता सांगते. त्या दोन्ही सोमवारी माझा उजवा हात खिशातून बाहेर निघाला नाही. कडीत बोट घालून ट्राममध्ये बसायचे आणि चढणाऱ्या प्रत्येकाचे बूट बघायचे. डाव्या हातात पिशवी. रस्ता ओलांडताना ईप्सिता म्हणाली, 'मामा, हांड.' म्हणजे आई, हात दे. माझ्याकडं द्यायला हात नव्हता. तिनं जॅकेटचा कोपरा धरला आणि तशीच चालली. मला ते लागलं, पण कबूल करायची माझी तयारी नव्हती.

तीन ऑक्टोबरला सुट्टी होती. दहा ऑक्टोबर, सोमवार, परीक्षेचा दिवस. आणि तिथीनं खंडेनवमी.

आमच्याकडं कोल्हापूरला खंडेनवमी म्हणजे तालमीचा सण. सगळी हत्यारं घासूनपुसून, हळदकुंकू लावून, झेंडूची फुलं घालून पाटावर मांडायची. आणि एकदा पूजा झाली की त्या हत्याराला दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. त्या दिवशी हत्याराला सुट्टी. तेरा वर्षांची असताना मी चोरून दांडपट्टा उचलला होता, तर वस्तादांनी दोनशे बैठका काढायला लावल्या होत्या. तीन दिवस जिना उतरता आला नव्हता. तेव्हापासून हा नियम माझ्या हाडात बसलाय. ड्रेस्डेनलाही दर वर्षी मी पाट मांडते. लॅपटॉप, स्वयंपाकाच्या सुऱ्या, श्रीरंगचं व्हर्निअर कॅलिपर.

त्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून आले आणि बघते तर पूजा मांडून तयार. श्रीरंगनं! जो माणूस दर वर्षी आरतीला हाका मारून बोलवावा लागतो, त्यानं फुलवाल्याकडून झेंडूची कुंडी आणून फुलं खुडली होती, ओलं हळदकुंकू कालवलं होतं, आणि पाटाच्या मधोमध, कॅलिपरच्या शेजारी, माझं करांबिट. मिटलेलं, मुठीपासून कडीपर्यंत कुंकवानं माखलेलं, वर फूल. बाबाचं बघून ईप्सितानं आपला पोहण्याचा चष्मा आणून शेजारी ठेवला होता, त्यालाही कुंकू. मला तर भरून आलं. वाटलं, नवरा वळला माझ्या बाजूला. मी मनापासून नमस्कार केला.

दुपारी साडेचारला पिशवी भरताना ईप्सिता चष्मा उचलायला गेली. मी हटकलं. पूजेतलं आहे, उद्यापर्यंत हात लावायचा नाही. ती रडकुंडीला आली, की चष्म्याशिवाय तळाची रिंग कशी दिसणार? मी म्हटलं, परीक्षेत चष्मा लागत नाही असं तुझ्या बाईंनीच सांगितलंय, डोळे उघडे ठेवायचे. नियम म्हणजे नियम. ती हिरमुसली, पण तिनं ऐकलं. मी जॅकेट चढवलं आणि पाटाकडं हात गेला.

'मग तुझं?' श्रीरंग दारातून म्हणाला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यानं पूजा केली ती त्यासाठी. जर्मन सरकारचा कायदा मी मोडेन हे त्याला माहीत होतं, आणि वस्तादांचा शब्द मोडणार नाही हेही माहीत होतं. दहा वर्षांच्या संसारात नवऱ्यानं मला असं चीत कधी केलं नव्हतं. वर समजूत घालायला लागला, की आजचा दिवस राहू दे, परीक्षा पुढच्या महिन्यातही असते. त्याला वाटलं होतं, हत्यार नसलं की मी जाणार नाही.

मी पोरीच्या समोर त्याला जे बोलले ते इथं लिहीत नाही. शेवटचं तेवढं सांगते. म्हटलं, तुझ्या सुधीरदादांना कळव, ऊर्मिला रिकाम्या हातानं शहरात गेली. आणि दार आपटून निघाले. जिन्यात ईप्सितानं हात पुढं केला. दोन्ही मोकळे होते, तिला हवा तो तिनं धरला.

भीती वाटली का? वाटली ना. ट्राममध्ये उजवा हात सवयीनं खिशाकडं जायचा. पण ईप्सिता बडबडत होती आणि प्रत्येक बडबडीला माझा हात हलवत होती, त्यामुळं तो खिशात पोचतच नव्हता.

परीक्षा तिनं कशी दिली ते काय सांगू. उडी मारली, पंचवीस मीटर बेडकासारखी पोहली, आणि रिंगेसाठी पहिल्यांदा बुडी मारली ती मोकळ्या हातानंच वर आली. मी काठावर उभी, ओठ दाताखाली. ती माझ्याकडं बघून काहीतरी पुटपुटली, श्वास घेतला आणि परत गेली. वर आली तेव्हा हातात निळी रिंग आणि डोळे लालभडक. बिल्ला मिळाला तो तिनं ओल्या टॉवेलवरच लावायला लावला.

बाहेर पडलो तेव्हा सव्वासहा झाले होते, अंधारून येत होतं. ट्राम बंद. पोस्टप्लात्झकडं चालायला लागलो. मोर्चाचा आवाज लांबून येत होता, रस्त्याच्या कडेला पोलिसांच्या गाड्यांची रांग. आणि एका गाडीपाशी दोन पोलिस, एक बाई आणि एक पुरुष, कुणाला तरी थांबवून उभे. निळं जॅकेट, उजवा हात खिशात, चेहरा चुन्यासारखा. श्रीरंग.

पोलिसबाई त्याला हात सावकाश बाहेर काढायला सांगत होती. त्यानं काढला, आणि हाताबरोबर माझं करांबिट बाहेर आलं. माझ्या तर्जनीच्या मापाची कडी, त्याचं जाडजूड बोट! आत गेलं होतं ते निघता निघत नव्हतं. सगळ्या बोटांना लालभडक काहीतरी लागलेलं. दोघं पोलिस एकदम दोन पावलं मागं सरले आणि पुरुषाचा हात कमरेला गेला. आकड्याचं करांबिट मी घेतलं असतं तर त्या घटकेला श्रीरंगच्या हातात उघडं पातं असतं. पुढं काय झालं असतं ते मी आजही मनात आणत नाही.

मी ओरडले, ते रक्त नाही, कुंकू आहे, पूजेचं आहे, तो माझा नवरा आहे. दोन्ही हात वर करून गेले, मागून ईप्सिता. पोलिसबाईनं मला तिथंच थांबायला लावलं. नाव, पत्ता, हा चाकू कुणाचा? मी म्हटलं, माझा. मग याच्याकडं कसा? ते मलाही कळत नव्हतं. मला लिंडनर म्हाताऱ्याचा शब्द आठवला. म्हटलं, आज आमच्या हत्यारांच्या पूजेचा दिवस आहे, हे ब्राउखटुम्सफ्लेगेत बसतं, बेचाळीस-अ कलमातच लिहिलंय. तिनं माझ्याकडं असं बघितलं की असल्या थापा तिनं त्या दिवसात शंभर ऐकल्या असाव्यात.

तेवढ्यात ईप्सिता पुढं झाली. तिला ना पोलिसांची भीती होती ना कलमाची फिकीर. तिला बापाचा राग आला होता. 'पापा,' ती जर्मनमध्ये म्हणाली, 'त्याला उद्यापर्यंत हात लावायचा नव्हता!' आणि पोलिसबाईकडं वळून तिनं बापाची रीतसर तक्रार केली. पूजा झाली की वस्तूंना सुट्टी असते. तिचा चष्माही पूजेत आहे, म्हणून ती चष्म्याशिवाय बुडी मारून आली, हे बघा डोळे. आईचंही हे पूजेत होतं, तिनंही आणलं नाही. सगळ्यांनी नियम पाळला, फक्त पापानं मोडला. पोलिसबाई खाली वाकली. पोरीचे लाल डोळे बघितले, टॉवेलवरचा बिल्ला बघितला, मग श्रीरंगच्या बोटांवरचं कुंकू आणि मुठीला चिकटलेली झेंडूची पाकळी. चेहरा जरा सैल झाला. आधी ते बोटातून काढा, म्हणाली.

ईप्सिताचा शाम्पू काढला. पोलिसाच्या टॉर्चच्या उजेडात, हजार माणसांच्या घोषणा चालू असताना, मी भर पोस्टप्लात्झवर नवऱ्याच्या बोटाला शाम्पू चोळत उभी होते. हळू आवाजात मराठीत विचारलं, कशाला आलास?

'घरात बसवेना,' तो म्हणाला. 'तुला आणता येत नव्हतं, म्हणून मी आणलं. वस्ताद काही माझे नव्हते.'

दहा वर्षांत या माणसानं कधी लाल सिग्नलला रस्ता ओलांडला नव्हता. मला एकदम रडू यायला लागलं आणि मी जोरात कडी ओढली. निघाली.

पोलिसबाईनं करांबिट पिशवीत घालून मोहोर लावली. नियम तिलाही मोडता येत नव्हता, तिनं तसं सांगितलंही. पत्र येईल, त्यात तुमचं म्हणणं लिहा. मग वही मिटता मिटता विचारलं, पूजा वगैरे ठीक, पण असला चाकू तुम्ही घेतलात कशाला? श्रीरंगनं माझी बाही ओढली. मी ऐकलं नाही.

'मला माझा सोमवार परत पाहिजे होता,' मी म्हटलं. 'चाकू ठेवा तुम्ही. सोमवार मी घेऊन जाते.'

अडथळ्याची लोखंडी जाळी तिनं स्वतः बाजूला सारली आणि आम्ही तिघं चौकातून सरळ पलीकडं गेलो. ईप्सिता मधे, एक हात माझ्याकडं, एक शाम्पूनं बुळबुळीत झालेला श्रीरंगकडं. वाटेत माणसांनी बघितलं. आम्हीही बघितलं.

पुढं पत्र आलं, उत्तर मी लिहिलं, पाटाचा फोटो जोडला. समज देऊन सोडलं, नोव्हेंबरचा परवानाही अडला नाही. करांबिट मात्र परत आलं नाही. मीही पाठपुरावा केला नाही.

पण ते सगळं नंतर. दसऱ्यानंतरच्या गुरुवारी, पत्राचा अजून पत्ता नव्हता आणि श्रीरंगला रात्री झोप नव्हती, तेव्हा आम्ही तिघं तलावावर गेलो. ब्राँझच्या बिल्ल्याच्या कोर्सला नाव घालायचं होतं. काउंटरवरच्या बाईनं यादी उघडली. मंगळवारी चारची जागा आहे, आणि सोमवारी सव्वापाचची. पण सोमवारचं आजकाल कुणी घेत नाही, असं तिनं सांभाळून सांगितलं. कुठली लिहू?

मी तोंड उघडलं, तेवढ्यात श्रीरंग काउंटरवर दोन्ही हात टेकून पुढं वाकला.

'मोंटाग,' तो म्हणाला. सोमवार.